केझाया डॉर्नची पहिली वही

शॅड लँडिंग गावात कुणाची म्हातारी वारली आणि माळा रिकामा करायची वेळ आली, की पहिला फोन वर्ना हॉकनबेरीला जायचा. "काही जाळू नका, मी निघालेच," एवढं बोलून ती एप्रनसकट गाडीत बसायची आणि तास-दीड तासानं मागच्या सीटवर खोकी लादून परतायची. त्यात काय नसायचं? रेल्वेची जुनी वेळापत्रकं, गिरणीतल्या नाचाची निमंत्रणं, बियाण्यांची रिकामी पाकिटं, कुठल्याशा न्यायाधीशाच्या सहीचं समन्स, लढाईवरून आलेली पत्रं. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं सूप ढवळलेली ही बाई, पण सुस्क्वेहॅना नदीच्या या काठावर जुन्या कागदातलं तिच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. गाव तिला कागदवाली म्हणे, आणि तिला ते आवडायचं. देव प्रत्येकाला एकेक राखणीचं काम देतो, आपल्याला त्यानं कागद दिले, असं ती मनापासून मानायची. सकाळी बायबलचं एक पान वाचून झालं की मगच ती खोक्यांना हात लावी, तोही साबणानं धुऊन.

तिचा खरा जीव होता जाहिरातीच्या रंगीत कार्डांवर. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी साबणवाले, दोरेवाले, कॉफीवाले ही कार्डं गिऱ्हाइकांना फुकट वाटत, आणि घरोघरच्या मुली ती खळीनं वहीत चिकटवून ठेवत. कोरी वही कोण देणार मुलींना? घरात जी लिहून भरलेली जुनी वही सापडेल तिच्याच पानांवर चिकटवायची. अशी चिकटवही हाती लागली की कार्डं सोडवायची रीत या छंदातल्या सगळ्यांना ठाऊक होती. पानं कोमट पाण्यात भिजत घालायची. तासाभरानं कोपरा आपसूक सुटतो. मग दुधावरची साय काढावी तसं कार्ड अलगद ओढून घ्यायचं, पाठ बोटानं चोळून खळ काढायची आणि टिपकागदात दाबून वाळवायचं. पाठ स्वच्छ निघाली तर कार्ड उत्तम, डाग राहिला तर दुय्यम. खालच्या पानांचा लगदा टाकून द्यायचा.

१९७१च्या उन्हाळ्यात टेकडीवरच्या एका शेतघराच्या लिलावातून तिनं अशीच एक लांबट, अरुंद चिकटवही आणली. दोनशेच्या वर कार्डं होती. मागच्या पडवीत कपड्यांच्या टबात तिनं ती भिजत घातली. नवरा लेस्टर पाय मुरगळला म्हणून त्या दिवशी घरीच होता. तो खुर्ची ओढून टबाशेजारी बसला आणि कार्ड निघेल तसतसं खालचं तपकिरी अक्षर मोठ्यानं वाचू लागला, बायकोला चिडवायला. कुणा सुईणीची वही दिसत होती. "मुलगा, रडका. बाप त्याहून रडका." "मुलगी, पायाळू, दोघी सुखरूप." असं करता करता तो एका ओळीवर थांबला.

"ऐक वर्नी. मुलगी, पहाटे. आई चालत आली, चालत गेली. आणि नाव बघ हिचं."

ते नाव त्यानं दोनदा उच्चारलं. असलं नाव जन्मात ऐकलं नव्हतं म्हणाला आणि हसला. वर्नाच्या हातात त्या वेळी साबणाचं एक कार्ड होतं, मांजर मांडीवर घेतलेल्या मुलीचं. कोपरा फाटेल म्हणून तिनं श्वास रोखून धरला होता. ती नुसती "हं" म्हणाली. शाई अक्रोडाच्या सालीची, घरी केलेली होती. बघता बघता पाणी चहासारखं झालं. संध्याकाळी तिनं टब घेवड्याच्या वाफ्यात उपडा केला. कार्डं तिच्या तिसऱ्या आल्बमात बसली, आणि त्या आल्बमानं पुढे जिल्ह्याच्या प्रदर्शनात पहिल्या बक्षिसाची निळी फीत मिळवली.

बावीस वर्षं गेली.

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शेतकरी मंडळाच्या सभागृहात जुन्या कागदांचा बाजार भरायचा. ९३ सालच्या एप्रिलातल्या बाजारात वर्नाच्या शेजारच्या टेबलावर ऑरिन फेटरॉल्फ बसला होता. ऑरिन थोरामोठ्यांच्या सह्या जमवायचा, आणि वहीत नीट मावाव्यात म्हणून पत्रातून कात्रीनं कापून काढायचा. त्या दिवशी त्यानं एका जुन्या गव्हर्नराच्या पत्राची तीच गत केली होती. वर्नानं चारचौघांत त्याची खरडपट्टी काढली. कोंबडी फेकून पीस जपणारा माणूस तू, असं ती त्याला म्हणाली. सगळे हसले. ऑरिनचा चेहरा उतरला, पण तोही काही कमी नव्हता. "आणि तुझी कार्डं काय गं वर्ना, झाडाला लागली होती?" असं त्यानं पुटपुटून घेतलं. तिनं तिकडं लक्ष दिलं नाही.

पंधरा मिनिटंही झाली नसतील, तोच ओडेसा पिंकेट तिच्या टेबलाशी आल्या. नदीकाठच्या गल्लीत कृष्णवर्णीयांचं जे जुनं चर्च आहे, तिथल्या त्या सगळ्यांत ज्येष्ठ. पंचाहत्तरीच्या, इस्पितळात परिचारिका म्हणून जन्म काढलेल्या, ताठ कण्याच्या. डोक्यावर जांभळी टोपी, आणि हातात उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं काहीतरी.

"मिसेस हॉकनबेरी, लोक म्हणतात तुम्हाला विचारल्याशिवाय या गावातला कागद हलत नाही."

"लोकांना काय, बोलायला लागतं. बसा ना."

"बसते. हात स्वच्छ आहेत ना तुमचे?"

हा प्रश्न इतकी वर्षं वर्नाच दुसऱ्यांना विचारत आली होती. तिला ही बाई तिथंच आवडली. तिनं हसून तळवे दाखवले. ओडेसांनी अभ्रा उलगडला. आत एक लांबट, अरुंद वही. हातानं आखलेली पानं. तपकिरी शाई. प्रत्येक नोंदीखाली सही, के. डॉर्न, आणि सहीखाली एक वळसा.

हे अक्षर वर्नानं बावीस वर्षांपूर्वी टबात पाहिलं होतं.

ओडेसा सांगत होत्या. केझाया डॉर्न ही नदीकाठच्या वस्तीची सुईण. ही तिची दुसरी वही, १८६९पासूनची, चर्चच्या तिजोरीत सांभाळलेली. पहिली, गुलामीवरून झालेल्या यादवी लढाईच्या आधीची, कुणाला कधी दिसली नाही. ओडेसांची आजी हेस्टर १८५८ साली जन्मली. तिची आई दक्षिणेतल्या गुलामीतून पळून आलेली, धन्याची माणसं मागावर. लेकरू केझायाच्या पदरात टाकून ती उत्तरेला निघून गेली, ती कायमची. नाव तिनं एकट्या केझायाला सांगितलं आणि केझायानं ते वहीत लिहिलं. आपली आई कोण हे हेस्टरला मरेपर्यंत कळलं नाही. तिच्या तोंडी एकच वाक्य असायचं, "वहीत आहे." दर वर्षी मे महिन्यात एका रविवारी त्या चर्चमध्ये घरोघरचे लोक उभे राहून आपल्या पूर्वजांची नावं घेतात. ओडेसांची पाळी आली की त्यांना म्हणावं लागे, "आणि हेस्टरची आई." सगळ्या चर्चमध्ये बिननावाची ती एकटीच.

"मरायच्या आधी एकदा नाव घ्यायचंय मला," ओडेसा म्हणाल्या. "दुसरी काही हाव नाही. हिची जोडीची वही पाहिलीत कधी?"

शेजारच्या टेबलावर ऑरिनची कात्री थांबली होती. त्याचे कान इकडेच आहेत हे वर्नाला न बघताही कळत होतं.

"पाहिल्यासारखी वाटत नाही," ती म्हणाली. "पण शोधते मी."

ऑरिन तिथं नसता तर बोलले असते, असं ती पुढे स्वतःला कितीदा तरी समजावत राहिली. उद्या फोन करून सांगू, असंही तिनं त्या दिवशी ठरवलं होतं. पण शुक्रवारी ओडेसांचाच फोन आला, काही लागलं का हाती विचारायला; मग पुढच्या शुक्रवारी; आणि मग शुक्रवारचा फोन म्हणजे दोघींची रीतच होऊन बसली. एकदा खोटं बोलल्यावर खरं सांगायला रोज एक दिवस जास्त उशीर होत जातो. वर्ना शोधायला लागली. जी वही आपण घेवड्याच्या वाफ्यात ओतली, तीच ओडेसांबरोबर कचेरीच्या तळघरांत, पळालेल्या गुलामांना आसरा देणाऱ्या क्वेकर पंथाच्या दप्तरात, तीन जिल्ह्यांच्या लिलावांत शोधत हिंडली. सोबत डब्यात ओडेसांनी भाजलेली रताळ्याची पाई, वर्नानं घातलेलं कोबी-मक्याचं लोणचं. "तू गाडी चालवतेस की नांगर?" असं ओडेसांनी विचारलं त्या दिवसापासून दोघी अगंतुगंवर आल्या. सगळ्या आयुष्यात वर्नाला एवढी जिवाची मैत्रीण मिळाली नव्हती. आतून मात्र प्रत्येक फेरीगणिक ती कुरतडली जात होती.

लेस्टरपासूनही तिनं लपवलं. त्याची स्मरणशक्ती म्हणजे कुलूपबंद कोठार. तरुणपणी चालवलेल्या मालट्रकांचे नंबर त्याला तोंडपाठ होते. ओडेसा घरी आल्या की कॉफी तोच करायचा, त्यांच्यासाठी दोन चमचे साखर न विचारता घालायचा. एके सकाळी न्याहारीला त्यानं सहज विचारलं, ही बाई शोधते तरी काय? चर्चचे जुने कागद, असं म्हणून वर्नानं तव्यावरची अंडी उलटली. लेस्टरला एक प्रश्न केला असता तर ते नाव त्याच्या तोंडून कदाचित आलं असतं, हे तिला तेव्हाही कळत होतं. पण विचारायचं तर का ते सांगावं लागलं असतं, आणि लेस्टरच्या पोटात काही राहत नसे. त्यापेक्षा ते नाव आपल्यालाच आठवू दे, अशी ती रोज सकाळी प्रार्थना करायची. गुडघे टेकून देवाला विचारायची, पण टेबलापलीकडे बसलेल्या नवऱ्याला विचारलं नाही.

९४च्या जूनमध्ये लेस्टर परसात काम करता करता कोसळला आणि गेला. दफनाला ओडेसा वर्नाचा हात धरून पहिल्या बाकावर बसल्या होत्या.

आणखी दोन वर्षं तशीच गेली. ९६च्या मे महिन्यात, तो नावांचा रविवार तीन दिवसांवर असताना, ओडेसा वर्नाच्या स्वयंपाकघरात आल्या. चर्चच्या त्या दिवसाची पत्रिका छापायला जायची होती, तिचा मसुदा त्यांनी आणला होता. खुशीत होत्या. शेवटच्या परिच्छेदावर बोट ठेवून म्हणाल्या, हे वाच. तिथं लिहिलं होतं की वर्ना हॉकनबेरी यांचे मनःपूर्वक आभार, या गावचा एकही कागद त्यांनी वाया जाऊ दिला नाही. रविवारी तू माझ्या शेजारी उभी राहायचंस, असंही त्या म्हणाल्या.

वर्नानं दोनदा वाचलं.

"ओडेसा, हे छापू नकोस."

"का गं? आडनाव लांब झालं का? ते काय मी ठेवलं तुझं?"

"ती वही माझ्याकडे होती."

मग तिनं सगळं सांगितलं. लिलाव, टब, चहाच्या रंगाचं पाणी, घेवड्याचा वाफा. उठून तिसरा आल्बम आणून समोर ठेवला. ओडेसांनी चष्मा लावला आणि मांजरवाल्या मुलीचं कार्ड काढून उलटं केलं. पाठीवर एक ठिपका नव्हता. त्यांनी अंगठा त्यावरून फिरवला.

"किती स्वच्छ घासलंस," त्या म्हणाल्या.

कार्ड त्यांनी परत आल्बमात ठेवलं. मग ओडेसांनी परिचारिकेच्या सवयीनं एकेक विचारायला सुरुवात केली. कुठल्या साली? पाण्यात घालताना ती कुणाची वही हे ठाऊक होतं का? वर्ना नाही म्हणाली, आणि ते खरं होतं.

"मग ते तुझं आणि देवाचं. न कळता झालं, त्याला मी काय बोलणार? माझ्या आजीचं नशीब. मला एवढंच सांग, भिजायच्या आधी कुणी वाचली होती का? एखादी ओळ तरी?"

इथं गप्प राहता आलं असतं. वर्नाला ती फट दिसली होती, आणि तिच्यातून निसटावं असंही क्षणभर वाटलं होतं. पण समोरच्या बाईनं आत्ताच तिला अर्धी क्षमा करून टाकली होती. त्या अर्ध्या क्षमेवर बसून राहणं तिला जमेना.

"लेस्टरनं वाचली. मोठ्यानं. एक ओळ माझ्या लक्षात आहे. मुलगी, पहाटे. आई चालत आली, चालत गेली."

ओडेसांनी टेबलाची कड धरली. "तीच ती," त्या हळूच म्हणाल्या. "बाळंत होऊन त्याच दिवशी चालत जाणारी दुसरी कोण असेल? आणि नाव?"

"नावही वाचलं त्यानं. दोनदा वाचलं. मी ऐकत नव्हते. माझं लक्ष कार्डाकडे होतं."

"लेस्टरनं वाचलं."

"हो."

ओडेसांनी चष्मा काढला. त्यांचे ओठ नुसते हलत होते. त्या महिने मोजत होत्या.

"चौदा महिने, वर्ना. मी तुझ्याकडे आले त्यानंतर चौदा महिने तो होता. या खुर्चीत बसून मी त्याच्या हातची कॉफी प्यायले. तो इथं उभा असायचा, तिथं शेगडीपाशी. आणि मी त्याला हवापाणी विचारत होते."

"मला लाज वाटत होती."

"वाटणारच. पण तुझ्या एवढ्याशा लाजेपायी माझी पणजी दुसऱ्यांदा गेली बघ."

त्यांनी आवाज चढवला असता तर वर्नाला सोपं गेलं असतं. त्या शांतपणे उठल्या, पत्रिकेवरचा शेवटचा परिच्छेद पेन्सिलीनं खोडला आणि म्हणाल्या, चांगला कागद काढ, न पिवळा पडणारा. लिहून दे मला. जे झालं ते, साल, महिना घालून, खाली सही करून. पहिल्या वहीच्या जागी चर्चच्या तिजोरीत काहीतरी ठेवायला हवं.

आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्यांचे कागद जपलेल्या बाईनं कपाटातून आपला सगळ्यांत चांगला, चिंध्यांच्या लगद्याचा कागद काढला आणि लिहिलं. लिलाव लिहिला, टब लिहिला, वाफा लिहिला. सही केली. ओडेसांनी उभ्यानंच वाचलं आणि कागद परत तिच्यासमोर ठेवला.

"लेस्टरचं राहिलं."

दुसरा कागद घ्यावा लागला. तो लिहायला पहिल्यापेक्षा खूप वेळ गेला. लेस्टरनं काय वाचलं, तो किती महिने या घरात होता, आणि त्याला का विचारलं नाही, हे सगळं त्यात आलं. दोन्ही कागद घेऊन ओडेसा गेल्या. जाताना आपली पाईची थाळी मागून घेतली.

त्या रविवारी वर्ना आपल्या नेहमीच्या चर्चला गेली आणि भजनाचं पुस्तक न उघडताच परतली. पुढचे कित्येक शुक्रवार फोन वाजला नाही. बाजारात तिनं टेबल लावणं सोडलं. कार्डांचे तिन्ही आल्बम तिनं बेथनी नावाच्या भाचीला देऊ केले. भाचीनं नाक मुरडलं, जागा नाही म्हणाली. सकाळी बायबल वाचून झालं की वर्ना पडवीत जाऊन बसायची, जिथं टब असे तिथं, आणि लेस्टरचा आवाज आठवायची. आवाज जसाच्या तसा यायचा. पाय मुरगळल्यानं खुर्ची करकरवत बसणं, "ऐक वर्नी", ती ओळ, सगळं यायचं. नावाच्या जागी मात्र नुसतं त्याचं हसू ऐकू यायचं.

जुलैच्या शेवटच्या शुक्रवारी फोन वाजला.

"मी बोलतेय," ओडेसा म्हणाल्या. कशी आहेस वगैरे काही नाही. "त्या काळी मालक लोक पळून गेलेल्या गुलामांच्या जाहिराती वर्तमानपत्रांत देत. १८५७, ५८ सालच्या सगळ्या मी काढल्यात, बायकांच्या तेवढ्या. दोनशे चाळीस नावं आहेत. मी एकेक वाचते. तू फक्त ऐकायचं. लेस्टरच्या तोंडून आल्यासारखं वाटलं तर सांगायचं, नाहीतर पुढचं म्हणायचं. जमेल?"

"जमेल."

वर्नानं शेगडी बंद केली, खिडकी लावून घेतली आणि खुर्चीवर बसून डोळे मिटले. ओडेसांनी वाचायला सुरुवात केली, सावकाश, प्रत्येक नाव दोनदा, कारण लेस्टरनं दोनदा वाचलं होतं. वर्ना प्रत्येक नाव लेस्टरच्या आवाजात मनाशी म्हणून बघायची आणि मगच "पुढचं" म्हणायची. त्या दिवशी वीस नावं झाली. पुढच्या शुक्रवारी वीस. ऑगस्ट गेला. दोघी दुसरं काही बोलत नव्हत्या.

सप्टेंबरात एका शुक्रवारी ओडेसांनी "झेरेल्डा" असं वाचलं, दोनदा, आणि थांबल्या. त्यांच्या थांबण्यावरूनच वर्नाला कळलं की हे नाव त्यांनी स्वतःसाठी निवडून ठेवलंय. जाहिरातीतली बाई दक्षिणेतल्या मेरीलँडची, वयही जुळत होतं, नावही हसू येण्याजोगं होतं. पलीकडून श्वास ऐकू येत होता. नुसतं हो म्हटलं असतं तर अठ्ठ्याहत्तर वर्षांची ती बाई येत्या मे महिन्यात उभी राहून एक नाव घेणार होती, आणि खरंखोटं कुणाला कधी कळणार नव्हतं. वर्नानं ते नाव लेस्टरच्या तोंडात घालून पाहिलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा.

"सांगता येत नाही मला, ओडेसा," ती म्हणाली. "हो म्हणावंसं फार वाटतंय. म्हणूनच म्हणत नाही."

 पलीकडून कागद उलटल्याचा आवाज आला.

"बरं," ओडेसा म्हणाल्या. "पुढचं ऐक."